बंदरावर उतरल्यावर जहाजाची सहल घ्यावी की स्वतः फिरावे? या चुका टाळा

अलीकडे विदर्भातल्या तालुक्याच्या गावांमधूनही क्रूझला जाणारे गट दिसू लागले आहेत. तूर-कापूस विकून झाल्यावर, उन्हाळा तापण्याआधी, निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, कृषी केंद्र चालवणारे आणि त्यांचे नातेवाईक बडनेरा किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतात आणि तिथून गोवा, कोची, लक्षद्वीपच्या जहाजात बसतात. काही जण सिंगापूरहून मलेशियातल्या पेनांग आणि थायलंडमधल्या फुकेतच्या फेरीला जातात. केबिन कोणती, शाकाहारी जेवण मिळेल का, याची चौकशी महिनोन्महिने चालते. मात्र बंदरावर उतरून काय पाहायचे आणि त्यासाठी जहाज कंपनी विकते ती किनाऱ्यावरची सहल (म्हणजे ‘जहाजाची सहल’) घ्यायची की स्वतः फिरायचे, हा निर्णय आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर घाईघाईत होतो आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे संपूर्ण प्रवासासाठी एकच धोरण ठरवणे. ‘आपण प्रत्येक ठिकाणी जहाजाचीच सहल घेऊ’ किंवा ‘कशाला पैसे घालवायचे, आपले आपण फिरू’ ही दोन्ही वाक्ये सारखीच चुकीची आहेत, कारण प्रत्येक बंदराची रचना वेगळी असते. धक्क्यापासून पाहण्याजोगी ठिकाणे किती अंतरावर आहेत, हा पहिला प्रश्न विचारावा. पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले जॉर्ज टाउन तिथून पायी अंतरावर आहे. फोर्ट कॉर्नवॉलिस, जुन्या व्यापारी पेढ्यांच्या गल्ल्या आणि शाकाहारी जेवण मिळणारा लिटल इंडियाचा भाग गाइडशिवाय आरामात पाहून होतो. याउलट मलेशियातच पोर्ट क्लांगला उतरल्यावर समोर राजधानी क्वालालंपूर नसते. रस्त्याने तास-दीड तास जावे लागते आणि संध्याकाळच्या वाहतुकीत परतायला किती वेळ लागेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अशा ठिकाणी जहाजाची सहल महाग वाटली तरी तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लक्षद्वीपच्या बाबतीत तर हा प्रश्नच फारसा उरत नाही, कारण तिथे प्रवेशासाठी परवाना लागतो, मोठे जहाज समुद्रातच नांगर टाकते आणि छोट्या होडीने बेटावर नेले जाते.

कोची या दोन टोकांच्या मधले आहे आणि म्हणूनच तिथे गोंधळ अधिक होतो. क्रूझ जहाज विलिंग्डन बेटावर लागते. फोर्ट कोचीला जायला तोप्पुंपडीच्या बाजूने रस्त्याने वळसा घेऊन टॅक्सी किंवा ऑटोने जाता येते. चिनी मासेमारी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, मट्टनचेरीचा राजवाडा आणि त्याला लागूनच असलेले १५६८ मधले परदेशी सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ), एवढे अर्ध्या दिवसात स्वतःच्या हिमतीवर पाहून होते. मात्र वार पाहायला हवा. राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी. ऑटोवाल्याशी भाडे ठरवताना मसाल्यांच्या दुकानात थांबायचे नाही, हेही आधीच सांगावे, नाहीतर निम्मी सकाळ वेलची-मिऱ्यांच्या भावात जाते. (जहाजाच्या बसही दुकानांपाशी थांबतात, हा त्रास केवळ ऑटोवाल्यांचा आहे असे समजू नये.) अलेप्पीचे बॅकवॉटर पाहायचे असेल तर ५० किलोमीटरहून अधिक जायचे आणि तेवढेच परतायचे असल्याने सहलीची बस बरी. आणि गटात कोणीतरी ‘एवढ्या दूर आलोच आहोत, तर मुन्नारही करून टाकू’ असे म्हणतेच. मुन्नार डोंगरात आहे आणि एका बाजूचाच प्रवास सुमारे चार तासांचा आहे, एवढे सांगितले की तो विषय संपावा.

दुसरी चूक हिशेबाची आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ६’ असे लिहिलेले असले, की आपल्याला दहा तास मिळाले असे मानले जाते. प्रत्यक्षात जहाज लागल्यावर कागदपत्रांची तपासणी होऊन प्रवासी खाली उतरेपर्यंत बराच वेळ जातो, आणि सर्वांनी परत जहाजावर असण्याची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. त्यातून परतीसाठी एक तास राखून ठेवला, तर हातात सातच तास राहतात. समुद्रात नांगर टाकून होडीने किनाऱ्यावर नेले जाणार असेल, तर आणखी वजाबाकी करावी, कारण बहुतेक जहाजांवर जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात आणि बाकीच्यांना टोकन घेऊन थांबावे लागते. ताडोब्याला जाऊन आलेल्या मंडळींना ही शिस्त नवी नाही; जिप्सी ठरलेल्या वेळी गेटबाहेर आली नाही, तर वाघ समोर बसला होता ही सबब तिथेही चालत नाही.

याच हिशेबात घड्याळाची चूक मिसळली, तर प्रसंग गंभीर होतो. थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. सिंगापूरहून निघालेले जहाज आपली घड्याळे सिंगापूरच्याच वेळेवर ठेवून फुकेतला पोहोचू शकते, पण किनाऱ्यावरचे नेटवर्क मिळताच मोबाइल आपोआप थायलंडची वेळ दाखवू लागतो. फुकेतमधल्या पाटोंगच्या किनाऱ्यावर शहाळे पीत बसलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये ३:४० वाजलेले असतात, तो शेजारच्याला ‘बसा ना काकाजी, अजून लय टाइम आहे’ म्हणतो, आणि जहाजावर तेव्हा ४:४० झालेले असून ५ वाजता शेवटची होडी सुटणार असते. म्हणून निघण्याआधी जहाजाच्या दैनिक पत्रकात वेळ पाहावी आणि एक साधे हातघड्याळ त्या वेळेला लावून हातात ठेवावे.

आपल्याकडचे बहुतेक लोक गटाने, एखाद्या टूर कंपनीमार्फत जातात, आणि तिथे एक गैरसमज हमखास आढळतो. टूर कंपनीच्या पत्रकात ‘किनारा सहल समाविष्ट’ असे छापलेले असले, म्हणजे ती जहाजाची सहल आहे असे नव्हे. जहाजाने स्वतः विकलेल्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज सहसा थांबते किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करते. टूर कंपनीने स्थानिक एजंटाकडून घेतलेल्या बसला ही हमी नसते; सोबत टूर मॅनेजर असला आणि बसमध्ये चाळीस माणसे असली, तरी जहाजाच्या दृष्टीने ती सारी स्वतंत्र फिरणारी मंडळी असतात. समुद्र खवळल्याने बंदर रद्द झाले, तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात, बाहेरच्या सहलीचे मिळतील की नाही हे ज्याच्या त्याच्या अटींवर अवलंबून असते. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ‘सहल जहाजाची की एजंटाची?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

खर्चाची तुलना करताना सहलीचा दर माणशी असतो आणि टॅक्सीचा गाडीमागे, हे विसरू नये. चौघे असतील तर टॅक्सी बहुधा स्वस्त पडते. दोघेच असतील तर प्रवेश तिकीट आणि जेवण धरल्यावर फरक बराच कमी होतो. भाषेचीही चौकशी करावी, कारण परदेशी बंदरांवर गाइड प्रामुख्याने इंग्रजीत बोलतात आणि ते समजत नसेल तर त्या सहलीत केवळ वाहन विकत घेतल्यासारखे होते. गुडघे दुखणाऱ्यांनी किती चालावे लागेल आणि पायऱ्या किती आहेत, हेही विचारून घ्यावे.

इतके करूनही उशीर झालाच, तर धक्क्यावर धावाधाव करण्याआधी बंदर एजंटाला (जहाज कंपनीच्या त्या बंदरावरच्या प्रतिनिधीला) फोन करावा. त्याचा नंबर दैनिक पत्रकात दिलेला असतो आणि उतरण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवायला हवा. जहाज निघून गेलेले असल्यास बंदराच्या फाटकावर त्याच एजंटाची भेट मागावी, कारण प्रवाशाचा पासपोर्ट जहाजावर असेल तर कर्मचारी अनेकदा तो त्याच्याकडे ठेवून जातात. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र स्वतःलाच करावा लागतो. त्यामुळे उतरताना जहाजाचे कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स (देशांतर्गत फेरीत आधार कार्ड), दोन दिवसांची औषधे आणि थोडी स्थानिक रोकड एका पिशवीत घेऊन ती गटातल्या एकाकडे न देता प्रत्येकाने आपापल्या खांद्याला लावावी.