अलास्कात सॅमनसाठी गळ टाकायला जायचंय? मग हे वाचा

आपल्याकडच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण त्याचं खऱ्या सॅमनशी काही नातं नाही. खरा सॅमन स्वतः पकडून तंबूबाहेर भाजून खायचा असेल, तर नवख्याने अलास्कातली ‘रशियन रिव्हर’ नावाची नदी गाठावी. अँकरेज शहरापासून सुमारे १६० किलोमीटरवर, कूपर लँडिंग गावाजवळ ती केनाई नदीला मिळते. गाडी अगदी काठापर्यंत जाते. बोट लागत नाही, वाटाड्याही लागत नाही.

तारीख आधी, तिकीट नंतर

इथे सॉकाय या जातीच्या सॅमनचा हंगाम ११ जून ते २० ऑगस्ट. पण हे मासे समुद्रातून दोन लाटांत येतात, एक जूनच्या मध्याला आणि दुसरी जुलैच्या मध्यानंतर. मधल्या दिवसांत गेलात तर नुसतं पाणी बघून परत याल. नदीवर सरकारी मत्स्य विभाग येणारे मासे मोजतो आणि आकडे रोज संकेतस्थळावर टाकतो. निघण्याआधी आठवडाभर ते बघत राहा. एरवी माणशी दिवसाला ३ मासे चालतात, पण मोजणीनुसार ही मर्यादा मधेच बदलते, कधी मासेमारीच थांबवतात. त्यामुळे त्या दिवशी सकाळीही नियम तपासायचे.

नदीकाठचा रशियन रिव्हर कॅम्पग्राउंड महिनोन् महिने आधी भरतो. जागा नसेल तर जवळच कूपर क्रीक आणि क्वार्ट्झ क्रीक आहेत.

परवाना

बाहेरून आलेल्या, १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो, भारतातून आलेल्या आईबाबांनाही, जर ते गळ धरणार असतील तर. ऑनलाइन मिळतो, १ दिवसाचाही असतो. किंग या जातीच्या सॅमनसाठी परवान्यावर मिळणारा जादा शिक्का घेऊ नका. या नदीत किंग धरायला बंदीच आहे.

सामान

पाण्यात उभं राहायला वेडर, म्हणजे छातीपर्यंतची पाणी न शिरणारी विजार, आणि रबरी तळाचे बूट. नमद्याच्या तळाच्या बुटांना अलास्काच्या गोड्या पाण्यात २०१२ मध्ये मनाई झाली, कारण त्यांतून एका नदीतले जीव दुसऱ्या नदीत जातात. पोलराइज्ड गॉगल हवाच. पाण्यातला मासा दिसतो हे एक, आणि शेजाऱ्याचा गळ डोळ्यात जात नाही हे त्याहून मोठं. अस्वलांसाठीचा स्प्रे आणि शेगडीचा गॅस विमानात नेता येत नाही, ते अँकरेजला घ्या. जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असतो, म्हणून डोळ्यांवर बांधायला पट्टी. डासांचं मलम विसरलात तर तुमचं तुम्ही बघा.

गळ टाकताना

गोड्या पाण्यात शिरल्यावर सॉकाय जवळजवळ काही खात नाही. त्यामुळे आमिषाचा उपयोग नाही, इथे परवानगीही नाही. पिसांचा छोटा एकेरी गळ बांधायचा आणि त्याच्या निदान दीड फूट वर शिशाचं वजन. प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा, वजन तळाच्या गोट्यांवर टकटक करत खाली वाहू द्यायचं, समोरून पुढे गेलं की उचलून पुन्हा टाकायचं. मासा तोंड उघडझाप करत पोहत असतो, दोरी तोंडातून सरकते आणि गळ अडकतो. पाठीत किंवा शेपटीत अडकला तर मासा लगेच सोडून द्यावा लागतो, तसा कायदाच आहे.

नवखा माणूस हटकून कमरेपर्यंत पाण्यात घुसतो. मासे शक्ती वाचवायला काठालगतच्या संथ पाण्यातून चढतात, म्हणजे तो नेमका त्यांच्या वाटेवर उभा असतो! गुडघाभर पाणी पुरे. मासा लागला की ‘फिश ऑन’ म्हणून ओरडा, शेजारी आपापल्या दोऱ्या आवरतात.

मासा लागल्यावर खरं काम

या काठाला तपकिरी अस्वलं नेहमी येतात. पकडलेला मासा, डबा, पिशवी यांतलं काहीही हातभर अंतरापलीकडे ठेवून फिरू नका. अस्वल आलं तर मासा लागलेला असला तरी दोरी कापा आणि मागे सरका. धडपडणाऱ्या माशाचा आवाज त्याला चांगला ओळखता येतो. कल्ले कापून रक्त काढा, साफ करा, उरलेल्या सांगाड्याचे बारीक तुकडे करून जोरदार प्रवाहात फेका. काठाला ढीग टाकणं म्हणजे अस्वलांना पंगतीचं आमंत्रण. खाणं, भांडी, टूथपेस्टसुद्धा गाडीत किंवा लोखंडी पेटीत, तंबूत काही नाही.

स्वयंपाक तंबूपासून लांब. हळद, मीठ, तिखट आणि बरोबर नेलेलं कोकमाचं आगळ चोळून, रव्यात घोळवून तव्यावर, कातडीची बाजू खाली. सॉकायला स्वतःचं तेल सुटतं, तेल बेताचंच घाला. रस्सा मात्र करू नका, या माशाची चव त्यात बुडते. ताजा आहे म्हणून कच्चा खायचा मोहही नको, त्यात परजीवी असू शकतात. मादी लागली तर गाबोळी टाकू नका. हळद-मीठ लावून ती पहिल्या तव्यावर, बाकीचे तुकडे तोवर थांबतील.