जुनी मॅच रायफल सिलुएटसाठी कशी तयार करावी

तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसहून ब्राँझ आणलं. कोल्हापुरात नेमबाजी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पण आता पोरं नव्या, हवेच्या सिलिंडरच्या रायफली घेतात आणि काकांची स्प्रिंगवाली 10 मीटर मॅच रायफल कपाटात पडून राहते. तिची नळी आणि ट्रिगर आजही अव्वल असतात. सिलुएटसाठी ती फार सुंदर चालते.

सिलुएट हा खेळ मूळ मेक्सिकोतला. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा अशा पोलादी आकृत्या उभ्या असतात. आकृती पडली तरच गुण. एअर रायफलसाठी त्या मूळ मापाच्या एक दशांश असतात आणि अंतरं याच क्रमानं 20, 30, 36 आणि 45 यार्ड, म्हणजे साधारण 18, 27, 33 आणि 41 मीटर. नेम उभ्यानंच धरायचा. स्लिंग नाही, जाड जॅकेट नाही.

सुरुवात सीलपासून, म्हणजे हवा अडवून धरणाऱ्या कड्यांपासून करा. पेलेट भरा, ब्रीचच्या (नळीचं मागचं तोंड, जिथं पेलेट भरतात) सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवा आणि रेंजवर सुरक्षित दिशेला फायर करा. पट्टी उडाली तर सील गेलं. 1970 च्या दशकातल्या काही रायफलींचे सिंथेटिक सील आपोआप भुगा होतात, त्यामुळे ते आधी बदलून घ्या. हे काम जाणत्या गनस्मिथचं, ट्रिगरचंही तसंच. पेलेट भरताना दुसऱ्या हातानं लिव्हर घट्ट धरून ठेवा. जुना खटका निसटला तर बोट चिरडतं. आणि ताकद वाढवायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅच रायफल सात-आठ ज्यूलचीच असते आणि पोलादी कोंबडी पाडायला तेवढं पुरतं.

मग वजन. या रायफली पाच किलोच्या आसपास भरतात. ताठ जॅकेट अंगात असताना ते जाणवत नाही, नुसत्या शर्टावर दहाव्या शॉटला हात थरथरायला लागतो. नळीवरची जादा वजनं काढा. पाम-रेस्ट (पुढच्या हाताच्या तळव्याचा टेकू) असेल तर तोही काढा आणि हुकाच्या बटप्लेटऐवजी साधी सपाट रबरी प्लेट लावा. लाकडाला मात्र करवत लावू नका. असा अक्रोडाचा स्टॉक (रायफलीचा लाकडी दस्ता) पुन्हा मिळत नाही, आणि उद्या कुणाला ही रायफल परत 10 मीटरला वापरायची असेल. जे काही कराल ते दोन स्क्रू फिरवून परत जुनं करता आलं पाहिजे.

डायॉप्टर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट, काढून कपाटात ठेवा, तिच्या 11 मिलिमीटरच्या खाचेवर स्कोप (दुर्बीण) बसवा. मॅच रायफलीला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे हलका स्कोप चालतो. फक्त तो 10 मीटर इतक्या जवळही फोकस होणारा हवा. जास्त मोठं दाखवणाऱ्या स्कोपात आपलीच थरथर मोठी होऊन दिसते आणि माणूस घाबरून ट्रिगर ओढतो.

सगळ्यात जास्त वेळ चीकपीसला, म्हणजे गाल टेकवायच्या भागाला द्या. स्कोप डायॉप्टरपेक्षा उंच बसतो, म्हणून गाल वर यायला हवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र न हलता दिसलं तर उंची बरोबर. मी सुरुवातीला फोमचे थर चिकटपट्टीनं लावले होते. माझ्याकडची रायफल फाइनवेर्कबाऊ 300. तिचा सगळा अ‍ॅक्शन, म्हणजे नळी आणि स्प्रिंगची यंत्रणा, फायर होताना स्टॉकमधल्या रुळांवर मागं सरकतो, धक्का त्यातच जिरतो. माझा फोम अ‍ॅक्शनच्या मागच्या टोकाला जेमतेम टेकत होता. गोळ्या वर-खाली पसरायला लागल्या. अर्धा दिवस मी पेलेटला दोष देत बसलो. शेवटी फोमच्या कडेवर तेलाचा काळा डाग दिसला तेव्हा उलगडा झाला. शेवटी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून दिली. अ‍ॅक्शन आणि पट्टी यांच्यात पोस्टकार्ड सहज फिरेल एवढी जागा ठेवा.

पेलेट बदला. चपट्या तोंडाचे 10 मीटरला कागद छान कापतात, लांब मात्र भरकटतात. गोल डोक्याचे घ्या. दोन-चार प्रकारचे आणून 41 मीटरवर टेकू लावून तपासा, जे एकत्र पडतील ते आपले.

आता क्लिक, म्हणजे नेम वर-खाली करणाऱ्या स्कोपच्या चकतीचे टप्पे. सेकंदाला 175 मीटर वेगाचा पेलेट 41 मीटरवर नळीच्या रेषेपासून फूटभर खाली येतो. 10 मीटरला जुळवलेला स्कोप कोंबडीवर धरला तर मात्र गोळी चक्क थोडी वर लागते, कारण स्कोप नळीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर उंच असतो. म्हणून चारही अंतरं वेगवेगळी जुळवा. माझ्याकडे कोंबडीवरून मेंढ्यावर जायला 46 क्लिक लागतात. चार आकडे कार्डावर लिहून स्टॉकला चिकटवा.

सराव रेंजवरच, प्रमुखांना विचारून. पोलादावरून शिशाचे कण उडतात, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवाच आणि नंतर हात साबणानं धुवा. स्पर्धेत पाच आकृत्यांना अडीच मिनिटं मिळतात, डावीकडून उजवीकडे. म्हणजे शॉटला तीस सेकंद, पेलेट भरण्यासकट. आठ-दहा सेकंदांत नेम स्थिर झाला नाही तर रायफल खाली घ्या, श्वास सोडा, पुन्हा उचला. पहिले पंधरा दिवस फक्त डुक्कर मारा. अंतर मधलं, अंग रुंद, आणि पडताना होणारा टण्ण आवाज उत्साह टिकवून ठेवतो.