प्रवाळ बेटांवरची फ्लाय फिशिंग: लागलेला मासा घालवणाऱ्या या चुका टाळा

प्रशांत महासागरातल्या किरीतिमाती बेटाच्या लगूनमध्ये (प्रवाळाने वेढलेल्या उथळ पाण्यात) मला पहिला मोठा बोनफिश लागला आणि दीड सेकंदात सुटला. पाणी गुडघ्याखाली होतं. मासा फ्लायकडे, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली आमिषाकडे वळला, डोकं खाली घातलं, शेपटीचं टोक पाण्याबाहेर चमकलं. बोटातली दोरी किंचित ताणली गेली आणि मी रॉड वर उचलला. फ्लाय माशाच्या तोंडातून निसटून हवेत आली, मासा वाळूचा धुरळा उडवून गेला. गाईड काही बोलला नाही. त्याने माझं मनगट धरलं आणि रॉडचं टोक पाण्याला टेकेपर्यंत खाली दाबलं.

रॉड उचलून गळ रुतवणं

नदीत ट्राउट धरायला शिकलेल्या प्रत्येकाची ही पहिली चूक. ट्राउटसाठी रॉड वर उचलणं बरोबर आहे. तिथे दोर बारीक असतो, गळ लहान असतो. बोनफिश किंवा जीटीचं (जायंट ट्रेव्हॅली या मोठ्या माशाचं) तोंड कडक असतं. रॉड उचलला की सगळा जोर रॉडच्या वाकण्यात जिरतो आणि गळ नुसता घासून निघतो.

टोक पाण्यालगत आणि माशाच्या रोखाने ठेवा. मासा फ्लाय घेतोय असं वाटलं की दोरीच्या हाताने एक लांब, सरळ ओढ द्या. दोरी ताठ होऊन माशाचं वजन हाताला लागलं, मगच रॉड उचला. याचा आणखी एक फायदा असा, की मासा चुकला तरी फ्लाय हातभरच पुढे सरकते आणि तो पुन्हा झडप घालू शकतो. रॉड उचलला तर फ्लाय त्याच्या जगातूनच नाहीशी होते.

ही सवय बेटावर जाऊन बदलत नाही. निघण्याआधी रोज दहा मिनिटं मोकळ्या जागेत सराव करा. कोणाला तरी दोरीचं टोक धरायला सांगा, त्याने हिसका दिला की तुम्ही दोरी ओढा, रॉड हलवू नका. मी महिनाभर केलं, तेव्हा कुठे हात ऐकायला लागला.

पहिल्या धावेत दोरीकडे न बघणं

गळ रुतला की आपली नजर माशावर खिळते. सांभाळायची असते पायाशी पडलेली सैल दोरी. बोनफिश पहिल्याच धावेत शंभर मीटर दोरी सहज नेतो. ती दोरी बुटाच्या बंदात, रीलच्या मुठीत किंवा रॉडच्या बुडाला अडकली तर टिपेट (फ्लायला बांधलेला बारीक दोर) तुटतं. डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीचं कडं करून दोरी त्यातून जाऊ द्या, हात रॉडपासून लांब ठेवा आणि सगळी सैल दोरी रीलवर जाईपर्यंत माशाकडे बघूच नका. कास्ट करण्याआधीही (फ्लाय फेकण्याआधीही) गरजेपुरतीच दोरी काढा. पंधरा मीटरच्या कास्टसाठी तीस मीटर दोरी पाण्यात सोडणं म्हणजे गुंत्याला आमंत्रण.

जीटीचं गणित उलटं. बोनफिशला धावू द्यायचं, जीटीला प्रवाळाकडे धावू द्यायचं नाही. 12 वजनाचा (जड दोरीसाठीचा) रॉड, शंभर पौंडांच्या वरचा जाड लीडर (दोरी आणि फ्लाय यांच्यामधला दोर) आणि जवळजवळ पूर्ण घट्ट केलेला ड्रॅग (रीलचा ब्रेक), हे सगळं त्यासाठीच. रॉड उंच धरून लढू नका. जवळ आलेल्या माशावर उभा रॉड मोडतो. रॉड आडवा आणि खाली ठेवून बाजूने जोर लावा. ट्रिगरफिश हा मासा बिळात शिरला तर ओढत बसू नका. दोरी पूर्ण सैल सोडून थांबा, कधी कधी तो स्वतःहून बाहेर येतो. बिळात हात मात्र घालू नका, त्याचे दात बोटाला सोडत नाहीत.

मासा शोधण्याआधीच कास्ट करणं

होडीवर गाईड म्हणतो, “अकरा वाजता, पंधरा मीटर.” होडीचं नाक म्हणजे बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. हे पहिल्याच दिवशी पक्कं करा. रॉडने दिशा दाखवा, त्याला “आणखी डावीकडे” म्हणू द्या, तेवढा वेळ असतो. घाईत टाकलेली फ्लाय माशाच्या डोक्यावर पडते आणि आख्खा कळप पळतो.

बोनफिशच्या अंगावरची खवलं आरशासारखी असतात, त्यामुळे मासा शोधला तर सापडत नाही. वाळूवरची सावली शोधा, ती लपत नाही. पोलराइज्ड चष्मा हवाच, उथळ पाण्यासाठी तांबूस किंवा तपकिरी काचेचा. ढगाळ दिवसासाठी फिकट पिवळसर काच जवळ असू द्या. टोपीच्या झडपेची खालची बाजू गडद रंगाची असावी, म्हणजे पाण्यावरची चमक डोळ्यांवर परत येत नाही. चालताना शक्यतो सूर्य पाठीशी घ्या.

फॉल्स कास्ट (फ्लाय पाण्यावर न टाकता दोरी हवेत पुढे-मागे फिरवणं) दोनच, फार तर तीन. इथे वारा असतोच, तो पडायची वाट बघत बसलात तर दिवस जाईल. डबल हॉल (कास्ट करताना दुसऱ्या हाताने दोरीला दोनदा ओढ देणं) येत नसेल तर निघण्याआधी शिका. वीस मीटर सुबक नको, बारा मीटर वाऱ्यात अचूक हवं.

फ्लाय चुकीच्या वजनाची

मासा फ्लायपर्यंत येतो, बघतो आणि वळून जातो, असं पुन्हा पुन्हा झालं तर रंग बदलण्याआधी वजन बघा. घोट्याइतक्या पाण्यात जड (धातूच्या) डोळ्यांची फ्लाय थपकन पडते आणि मासे उधळतात. मांडीइतक्या पाण्यात हलकी फ्लाय तळाला पोचतच नाही. बहामातल्या अँड्रॉस बेटावर जन्मलेली क्रेझी चार्ली ही फ्लाय तीन वजनांत बांधून नेली तरी बोनफिशचं बरंचसं काम होतं. रंग वाळूच्या जवळचा ठेवा. पांढऱ्या वाळूवरची कोळंबी आणि खेकडे फिकटच असतात.

थंड पाण्याची दोरी नेणं

ही चूक महागात पडते आणि कळतही नाही. थंड प्रदेशासाठी बनवलेली फ्लाय लाईन उष्ण कटिबंधाच्या उन्हात मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि कास्ट जात नाही. माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ताठ गाभ्याची, उष्ण हवामानासाठीची दोरी घ्या. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावलेल्या हाताने दोरी धरू नका, मलमातल्या डीट या रसायनामुळे तिचं आवरण खराब होतं. मी तर लांब बाह्या, गळपट्टा आणि हातमोजे यांवरच भर देतो. पलाऊने 2020 मध्ये आणि हवाईने 2021 मध्ये प्रवाळाला घातक ठरणाऱ्या काही सनस्क्रीनवर बंदी घातली, तेव्हा जाण्याआधी त्या बेटाचा नियम पाहून घ्या.

तारखा, नावं आणि भरती

किरीतिमाती लिहिताना असं दिसतं, म्हणतात ‘किरिसमास’. इंग्रजी नाव ख्रिसमस आयलंड. त्याच नावाचं दुसरं बेट हिंदी महासागरात ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे, तिकीट काढताना किरिबाटी हे देशाचं नाव वाचा. आणखी एक खाचखळगा: 1995 पासून हे बेट तारीख रेषेच्या पश्चिमेकडच्या तारखेने चालतं. होनोलुलू आणि इथल्या घड्याळात वेळ तीच, पण तारीख एक दिवस पुढे. राहण्याची जागा एक दिवस चुकीची ठरवणं इथे सहज होतं.

तारीख ठरवताना भरतीचं कोष्टक उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वेगाने चढतं आणि खूप उतरतं. जीटी भरतीबरोबर प्रवाळकडेवरून आत येतात, पण पायी फिरायला मिळणारा वेळ कमी. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत पाणी संथ असतं, काही उथळ जागा नीट भरत किंवा उघड्या पडत नाहीत. कोणता मासा हवा यावर आठवडा निवडा, सुट्टी सोयीची म्हणून नव्हे.

पायांकडे दुर्लक्ष

जाड, कडक तळव्याचे बूट हवेत, सँडल नको. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला; पाकट लपलेलं असेल तर धक्का लागण्याआधी निघून जातं. शंकूच्या आकाराचे सुंदर शंख उचलू नका, त्यातला प्राणी विषारी डंख मारतो. जिवंत प्रवाळावर पाय नको, तो तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठीही वाईट. प्रवाळाने खरचटलं तर लगेच स्वच्छ पाण्याने चोळून धुवा, कण राहिला तर जखम चिघळते.

पाकट किंवा स्टोनफिशचा काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा. पाणी 45 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. ते आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. मग वैद्यकीय मदत घ्या.

संध्याकाळचा कंटाळा

दिवसभर उन्हात राहून परत आल्यावर रॉड भिंतीला टेकवून झोपावंसं वाटतं. तेवढ्यात मिठाने जोड घट्ट बसतात. रोज रॉड सोडवा, गोड्या पाण्याने हलकेच धुवा. रीलवर जोराचा फवारा मारू नका, मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग रात्री सैल सोडा. जोड अडकलाच तर पक्कड नको. दोघांनी समोरासमोर उभं राहून प्रत्येकाने एक हात जोडाच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला ठेवायचा आणि दोघांनी एकदम सरळ ओढायचं, पिळायचं नाही. वापरलेल्या ओल्या फ्लाय डबीत परत टाकू नका. एक गंजलेला गळ सगळी डबी खराब करतो.

मासा सोडताना

बेलीझमध्ये बोनफिश, परमिट आणि टारपन हे मासे 2009 पासून कायद्यानेच सोडावे लागतात. कायदा नसला तरी मी सोडतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून ठेवा, म्हणजे गळ पाण्यातच निघतो. फोटोसाठी मासा छातीशी धरून उभं राहू नका. पाण्यालगत धरा, ओल्या हाताने, कल्ल्यांत बोट न घालता. लांबवर शार्कचा पर दिसला तर लढाई लांबवू नका, थकलेला मासा सोडल्यावर त्याच्या तोंडी जातो. मासा सरळ धरून प्रवाहाकडे तोंड करून ठेवा, पुढे-मागे ढकलू नका. शेपटीने जोर लावला की हात बाजूला.