टिकलीची पापणी: दावणीच्या चार शेळ्या कमी खर्चात कशा सांभाळायच्या

आमच्याकडं चार शेळ्या आहेत, चारही उस्मानाबादी, काळ्याभोर. थोरलीच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून ती टिकली. तुळजापूर तालुक्यात आमचं दोन एकर कोरडवाहू रान. शेळ्यांसाठी वेगळा पैसा काढणं जमत नाही. म्हणून हे मोठ्या फार्मवाल्यांसाठी नाही, दाराशी दोन-चार शेळ्या बांधणाऱ्या बायकांसाठी आहे.

आधी पापणी बघायला शिका. शेळीचं तोंड काखेत धरायचं आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी हळूच ओढायची. आत लालसर दिसलं तर ठीक. पांढुरकं दिसलं की समजायचं, जंत रक्त पितायत. जबड्याखाली पाणी भरून पिशवीसारखं लोंबायला लागलं तर उशीर झाला. पावसाळ्यात मी दर आठवड्याला बघते, एरवी महिन्यातून दोनदा. याला एक रुपया लागत नाही. टिकलीला आता सवय झालीय, मी जवळ गेले की तीच मान पुढं करते. तिला वाटतं शेंगा आणल्यात.

जंताचं औषध वजनावर असतं. पूर्वी मी सगळ्यांना एकाच झाकणानं पाजायचे. कमी पडलं तर जंत मरत नाहीत, उलट त्या औषधाला निर्ढावतात आणि पैसा वाया जातो. आता धान्याच्या काट्यावर शेळी उचलून उभी राहते आणि माझं वजन वजा करते. टिकली बत्तीस किलो भरली. माझं किती भरलं ते घरात सगळ्यांना कळलं, तो तोटा धरून चाला. गाभण शेळीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जंताचं औषध पाजू नका. काही औषधांनी, विशेषतः पहिल्या दीड महिन्यात, गाभाला इजा होते. पाजताना तोंड आभाळाकडं करू नका, पाठीच्या रेषेतच ठेवा आणि गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडा. ठसका लागला की सोडून द्या, नाहीतर औषध फुफ्फुसात जातं.

लसीत काटकसर नको. पिल्लू चार महिन्यांचं झालं की पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस, ती साधारण तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होणाऱ्या रोगाची, दरवर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर. पहिल्यांदा टोचलेल्या पिलाला पंधरा दिवसांनी परत टोचावी लागते. सरकारी दवाखान्यात खर्च नाममात्र. जाणं शक्य नसलं तर 1962 नंबरवर फोन करा, पशुवैद्यकाची गाडी मागवता येते.

चारा विकत घेण्याआधी आपलं रान बघा. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट आमचं घरचंच. बांधाला शेवरी आणि सुबाभूळ लावलीय. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेत नाही, जास्त झाली तर बाधते. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा. पाल्याची पेंडी जमिनीवर टाकू नका, शेळीच्या तोंडाच्या उंचीला दोरीनं टांगा. शेळी पायदळी गेलेलं खात नाही, निम्मा पाला तसाच उकिरड्यावर जातो. पावसानं ओढ दिली असेल तर सुकत चाललेल्या कोवळ्या ज्वारीत शेळ्या सोडू नका. किराळ, म्हणजे त्या ज्वारीची विषबाधा, लागली तर डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळत नाही.

आणि शिळा भात. हे मी पैसे मोजून शिकले. तीन वर्षांपूर्वी भावकीतल्या लग्नात दोन पातेली भात उरला. टाकायचा कशाला, म्हणून शेळ्यांना घातला. टिकलीची बहीण चांदी सगळ्यात खादाड, तिनं दुसऱ्यांना ढकलून खाल्ला. रात्री ती भिंतीला डोकं टेकून उभी. पोट हाताला पाण्याच्या पखालीसारखं लागत होतं, दात खात होती. मी ओवा पाजला, पोट चोळलं. सकाळी डॉक्टर आले तोवर ती गेली होती. भात, पीठ, गहू एकदम जास्त गेलं की पोटात आंबतं आणि ते अंगात भिनतं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून धान्याच्या पिंपावर पाटा ठेवते आणि उरलेलं अन्न शेळ्यांना मूठभरच. तुमच्या शेळीनं असं काही खाल्लं तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा.

शेळी पाच महिन्यांत विते, म्हणून लावल्याची तारीख मी भिंतीवर कोळशानं लिहिते. पिलाला तासाभराच्या आत चीक मिळाला पाहिजे, वार पडायची वाट बघत बसू नका. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. थंडीत जुनं गोणपाट कापून पिलाच्या अंगात घालते, पाय घालायला दोन भोकं पाडली की झालं.

बोकड विकताना व्यापारी नजरेनं किंमत करतो. त्याच्यासमोर काट्यावर घाला, मगच बोला. मागच्या बकरी ईदेआधी टिकलीचा बोकड दिला, तेव्हा व्यापारी दाव्यासकट ओढायला लागला. आत्या ओट्यावरून ओरडल्या, "दावं सोड बाबा, दावं नाही विकत आम्ही." त्यानं आपली दोरी लावली. आमचं दावं आत्यांनी परत खुंटीला अडकवलं. आता ते टिकलीच्या नव्या पाठीच्या, म्हणजे मादी पिलाच्या गळ्यात आहे, तिला जरा सैलच होतं.