आजोबांच्या आठवणी जमवायच्या तर

वर्षश्राद्धाला माणसं जमतात, तेव्हाच हे काम हाती घ्या. आमचे आजोबा वाईचे. त्यांचे खरे किस्से घरात नव्हतेच, गणपती घाटावरच्या त्यांच्या दोस्तांकडे होते. म्हणून आधी दोस्तमंडळी गाठा, चहा सांगा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. "कसे होते हो?" असं विचारू नका, सगळे "देवमाणूस" म्हणून मोकळे होतात. "पत्त्यांत लबाडी कशी करायचे?" असं विचारा. आम्हाला लगेच कळलं: गुलाम सदऱ्याच्या बाहीत, आणि पकडले गेले की सगळ्यांना भेळ!

जुन्या फोटोंमागे नावं मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. कृष्णाबाईच्या, म्हणजे वाईतल्या कृष्णा नदीच्या, उत्सवातले फोटो मात्र आधी आजीला दाखवा. मागच्या रांगेतली माणसं तिलाच ओळखू येतात.