स्पिटफायरच्या आधी

रिमोटवर उडणाऱ्या स्केल मॉडेलकडे, म्हणजे खऱ्या विमानाच्या प्रमाणशीर छोट्या प्रतिकृतीकडे, वळणाऱ्या बहुतेकांच्या मनात विमान आधीच ठरलेलं असतं: दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर, नाहीतर मस्टँग. हौस रास्त आहे, पण पहिलं सैनिकी विमान म्हणून दोन्ही अवघड. दरवेळी हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण त्याला वाटतं आता वर्षभर केशरी-पांढरा ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, फिरवावा लागणार. ट्रेनरला पर्याय नाही हे खरंच. सिम्युलेटरवर सराव करा, मग वरच्या पंखाच्या, म्हणजे धडाच्या माथ्यावर पंख असलेल्या, फोमच्या ट्रेनरवर, शेजारी जाणता माणूस उभा करून. पण त्यानंतर थेट लढाऊ विमानावर उडी मारायची गरज नसते. सैन्याकडे वरच्या पंखाची, संथ उडणारी विमानंही होती.

पायपर कबचा सैनिकी अवतार एल-४, सेसनाचं एल-१९ बर्ड डॉग, जर्मनांचं फीझलर श्टोर्ख. टेहळणी, तोफखान्याला निशाण दाखवणं, निरोप पोचवणं ही यांची कामं. १२ सप्टेंबर १९४३ ला इटलीतल्या ग्रान सास्सोच्या डोंगरावरून कैदेतल्या मुसोलिनीला बाहेर काढलं ते श्टोर्खनेच. एवढ्याशा जागेतून उडणारं विमान छोटं केलं तरी स्वभावाने गरीबच राहतं. लढाऊ विमानांसारख्या बंदुका नाहीत म्हणून लोक यांना नाक मुरडतात. मला विचाराल तर बर्ड डॉगसारखं देखणं पहिलं स्केल मॉडेल दुसरं नाही.

स्पिटफायरला नाही का म्हणायचं, ते हिशोबाने बघू. मूळ विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर. एक षष्ठांश मॉडेल केलं तर १.८७ मीटर. लांबी सहापट कमी झाली की पंखाचं क्षेत्रफळ ३६ पट कमी होतं आणि वजन, सगळं तंतोतंत उतरवलं तर, २१६ पट. मार्क वनचं, म्हणजे पहिल्या आवृत्तीचं, भरलेलं वजन सुमारे २,८०० किलो, म्हणजे मॉडेल १३ किलोचं. ते उडेल, पण मूळ विमानाच्या एक षष्ठांश वेगाने उडणार नाही. वेग सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण अडीचपटच कमी होतो. म्हणून जड मॉडेल आकाशात चिलटासारखं भिरभिरतं आणि उतरताना अंगावर येतं. शिवाय लहान पंखाला हवा मोठ्या पंखाइतकी साथ देत नाही. टोकाकडे निमुळता होत गेलेला पंख तर कमी वेगात अचानक एका बाजूला कलंडतो. पंखाच्या टोकाला दोनेक अंशांचा पीळ, म्हणजे वॉशआउट, ठेवतात तो यासाठीच. एकूण काय, स्केल विमान बांधणं म्हणजे ग्रॅमशी भांडण.

हे भांडण शेपटीत सर्वात कडाक्याचं होतं. गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून २५ ते ३० टक्क्यांवर असावा लागतो. आराखड्यात दिलेला असतो, तो पाळा. तिथून शेपूट लांब, नाक जवळ. शेपटीत १० ग्रॅम वाढले की नाकात त्याच्या दुप्पट-तिप्पट शिसं भरावं लागतं. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलसारख्या आखूड नाकाच्या विमानांत तर फारच. म्हणून मागच्या भागाला हलकं बाल्सा लाकूड निवडा, इपॉक्सी गोंद फक्त इंजिनाची भिंत आणि चाकांचा आधार अशा जोरकस जागी वापरा, बाकीकडे लाकडाचा पांढरा गोंद पुरतो. शेपटीवर रंगाचा जादा हात देताना दोनदा विचार करा.

मग चाकं. स्पिटफायर आणि जर्मन मेसरश्मिट १०९ या दोघांचे चाकांचे पाय धडाजवळून फुटतात, त्यामुळे उभं राहणं अरुंद. अमेरिकन थंडरबोल्ट, जर्मन फोक-वुल्फ १९० यांचे पाय पंखात लांब रोवलेले, आत मिटणारे. गवतावर ते ऐसपैस धावतात. पहिलं खरंखुरं लढाऊ विमान घ्यायचंच असेल तर थंडरबोल्ट घ्या. शेपटीच्या चाकावर बसणारं कुठलंही विमान धावताना डावीकडे ओढतं, म्हणून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, हळूहळू द्यायचा, उजवा रडर (शेपटीची उभी झडप) आधीच तयार ठेवायचा आणि सुरुवातीला एलेव्हेटर (शेपटीची आडवी झडप) मागे ओढून शेपूट खाली दाबून धरायची. थ्रॉटल एकदम दिला तर विमान नाकावर उभं राहतं आणि नाकावरचा पंखा तुटतो.

रंगाच्या बाबतीत एक गंमत नवख्यांच्या लक्षात येत नाही: कॅमोफ्लाज, म्हणजे विमान लपवणारी रंगसंगती, मॉडेललाही लागू पडते! वरून हिरवा-करडा, खालून फिकट करडा असा स्पिटफायर ढगाळ दिवशी दीडशे मीटरवर गेला की पोट कुठलं आणि पाठ कुठली हेच कळेनासं होतं. यावर इतिहासाचाच उतारा आहे. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईसाठी दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर तीन पांढरे आणि दोन काळे असे पट्टे रंगवले होते. ते रंगवले की मॉडेल अस्सलही दिसतं आणि नजरेलाही सापडतं. मात्र कुठलंही एक विशिष्ट विमान आणि त्याचा काळ ठरवून फोटो जमवा. पट्टे, क्रमांक, डागडुजी सगळं महिन्यागणिक बदलत असे. रंग डब्यातल्यापेक्षा किंचित फिका आणि मॅट ठेवा, कारण लांबून बघितलेलं मोठं विमान फिकटच दिसतं.

पहिल्या उड्डाणाआधी स्थानिक नियम, जागेची परवानगी आणि रिसीव्हरची रेंज तपासून घ्या. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी भरताना सोडून जाऊ नका, ठेवताना सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. वर गेल्यावर कसरती नकोत. पुरेशा उंचीवर ट्रिम करा, म्हणजे हात न लावता सरळ उडेल असं जुळवा, मग चाकं आणि फ्लॅप्स (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या झडपा) बाहेर काढून वेग कमी करत विमान नेमकं कुठल्या वेगाला पंखाचा आधार सुटून पडायला लागतं ते बघून ठेवा. उतरताना त्याच्या बऱ्याच वरचा वेग धरा. शेवटचं वळण मोठं आणि सपाट घ्या. थ्रॉटल पूर्ण बंद करू नका; फ्लॅप्स आणि मोठा पंखा मिळून विमानाला झटक्यात रोखतात. पंख कलायला लागला तर एलेरॉनने (पंखाच्या टोकाकडच्या झडपांनी) सावरायला जाऊ नका, एलेव्हेटर सैल सोडा, थ्रॉटल वाढवा आणि रडरने सरळ करा. चाकं टेकली तरी धाव थांबेपर्यंत रडरवरचं बोट उचलू नका.