फायब्रोमायल्जियासाठी वनौषधींचा जपून वापर

फायब्रोमायल्जियात अंगभर दुखणे, न उतरणारा थकवा आणि अपुरी झोप ही एकमेकांना वाढवत राहतात; वनौषधींनी हा आजार बरा होत नाही, परंतु डॉक्टरांची औषधे चालू ठेवून त्यांची जोड दिल्यास काहींना थोडा आराम मिळू शकतो.

वडोदऱ्यात हिवाळ्यात भाजीबाजारात ओली हळद येते. ती किसून तुपावर परतावी आणि वर मिरपूड घालून जेवणात घ्यावी, कारण हळदीतील कर्क्युमिन एरवी शरीरात फार कमी शोषले जाते आणि तूप व मिरीमुळे ते शोषण वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास हळदीच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

झोपेसाठी अश्वगंधा उपयोगी पडू शकते. तथापि गर्भारपणात, तसेच थायरॉईडचा किंवा यकृताचा विकार असल्यास ती टाळावी.

आखडलेल्या खांद्यांना कोमट तिळाचे तेल हलक्या हाताने लावावे. रगडू नये, कारण या आजारात मज्जासंस्था साध्या दाबालाही वेदना मानते, ही गोष्ट घरच्यांनी आवर्जून समजून घ्यावी.

माझ्या मते कमाटी बागेतील रोजचे संथ चालणे या सर्वांहून अधिक मोलाचे आहे. नवा उपाय एका वेळी एकच सुरू करावा आणि झोप व वेदना यांची नोंद वहीत ठेवावी.